शेवटच्या पगाराचा दाखला

"आत येऊ का? बांधलेली आहेत ना सगळी?"

फाटकापलीकडून आवाज आला तेव्हा मी कोपरापर्यंत औषधाच्या पाण्यात होतो. एका खरजुल्या कुत्र्याला आम्ही हौदात धरलं होतं. पुढचे पाय माझ्याकडे, मागचे नरसप्पाकडे. नरसप्पा आमच्या संस्थेतला सगळ्यात जुना माणूस, पन्नाशी उलटलेला, गिरणी बंद पडल्यावर इथे आलेला. त्यानं मान वळवून पाहिलं आणि कुत्र्याचे पाय सोडूनच दिले.

"वहिनी आल्यात ओ," तो म्हणाला. "सुरवसे डॉक्टरांच्या."

कुत्रं माझ्या अंगावर पाणी झटकून पळालं. बाई "अगंबाई" म्हणून फाटकाच्या मागे झाल्या.

सुरवसे डॉक्टरांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या जागेवर मी आलो होतो. सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला, भटक्या आणि जखमी जनावरांसाठी चालवलेला हा निवारा. तिथे ते नऊ वर्षं डॉक्टर होते. मी यायच्या पाच महिने आधी, एका संध्याकाळी, त्यांच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. एवढंच मला माहीत होतं. त्यांचं नाव संस्थेत कुणी फारसं काढत नसे. मीही विचारलं नव्हतं. सत्तावीस वर्षांचा होतो, परभणीच्या कॉलेजातून बाहेर पडून दोनच वर्षं झाली होती, आणि स्वतःच्या नावाचा शिक्का नवा होता.

नरसप्पानं बाईंना कडेकडेनं आत आणलं. पदर घट्ट आवळून, पावलं जपून टाकत त्या आल्या आणि माझ्या खोलीच्या दारातल्या बाकावर अगदी टोकाला बसल्या. चाळिशीच्या असतील. हातात प्लॅस्टिकची फाईल.

"मला कुत्र्यांची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हेच ऐकत आले, डॉक्टरांची बायको आणि कुत्र्याला घाबरते. नऊ वर्षांत दोनदाच आले असेन इथे."

मी हात पुसत काय काम आहे ते विचारलं.

"दाखला पाहिजे होता. ह्यांच्या शेवटच्या पगाराचा. ट्रकच्या विमा कंपनीवर दावा लावलाय, वकिलांनी मागितलाय. गेलेल्या माणसाचा पगार बघून भरपाई ठरवतात म्हणे."

"दाखला अण्णा देतील. ते गुरुवारी येतात."

"गुरुवारी येते मग." पण त्या उठल्या नाहीत. "चौदा हजार होता. चौदाच धरणार ते. संध्याकाळी पोल्ट्रीच्या शेडवर जायचे, कोंबड्या बघायला, त्याचे पाच-सहा मिळायचे. पण ते हातात. त्याला कागद नाही, म्हणून ते धरायचे नाहीत. तिकडूनच तर येत होते त्या दिवशी."

चौदा हजार. मी टॉवेल घडी घालून परत उलगडला.

या नोकरीची जाहिरात मी वाचली तेव्हा ती तिसऱ्यांदा छापून आली होती, हे मला नंतर कळलं. मुलाखतीला मी एकटाच होतो. अध्यक्ष महालिंगप्पा अण्णा, मार्केट यार्डातले भुसार व्यापारी, साठी ओलांडलेले. त्यांनी विचारलं, "अपेक्षा काय आहे?" मी वीसवर यायची तयारी ठेवून धीर करून म्हणालो, "सव्वीस." अण्णा जरा वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "कधीपासून येताय?" बाहेर पडल्या पडल्या मी गावाकडे आईला फोन लावला होता. म्हटलं, आई, तुझ्या पोराला घासाघीस करता येते.

"तुम्हाला किती देतात?" बाईंनी विचारलं.

त्यांनी हे सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्याकडे न बघता. त्या फाईलचं बटण लावत होत्या. बटण तुटलेलं होतं, ते लागत नव्हतं, आणि त्या ते दाबत राहिल्या होत्या.

"चौदाच," मी म्हणालो.

दारात उभ्या असलेल्या नरसप्पानं माझ्याकडे पाहिलं आणि तो बादली उचलून निघून गेला.

"तुम्हालाही चौदाच?"

"हो. संस्था देणग्यांवर चालते ना. लोक चाऱ्याला देतात, गोळ्या-इंजेक्शनला देतात. डॉक्टरच्या पगाराला म्हणून कोण देणार?"

ते खोटं नव्हतं. देणगीची पावती फाडताना लोक खरोखरच विचारत, पैसे जनावरांनाच जातील ना? पण माझा आवाज मलाच परका वाटला.

बाईंनी फाईलचं बटण सोडून दिलं. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.

"एवढ्यात भागतं का तुमचं? जेवता कुठे?"

"खानावळ लावलीय."

"खानावळ," त्या म्हणाल्या आणि हसल्या. दारातून आल्या तेव्हा हा चेहरा हसू शकेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नरसप्पाच्या सायकलला डबा लटकलेला होता. त्या त्याच्याच गल्लीत राहत. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, मेथीची भाजी. मी जेवायला बसलो तसा नरसप्पा समोर येऊन उकिडवा बसला.

"तुम्ही सांगितलात ते मी ऐकलो, साहेब."

"त्यांना वाईट वाटलं असतं, नरसप्पा."

"वाटलं असतं की." तो जरा वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिला. "बरं केलात का वाईट केलात, मला कळेना ओ." आणि उठून गेला.

भाकरी फार चांगली होती. मी सगळा डबा संपवला.

गुरुवारी सकाळी नसबंदीच्या दोन शस्त्रक्रिया होत्या. दुसरी कुत्री टेबलावर होती, पोट उघडलेलं, भूल दिलेली, नरसप्पा सलाइनची बाटली धरून उभा. माझ्या खोलीला आणि ऑफिसला मिळून एकच भिंत होती आणि भिंतीला वर एक झडप, तिची काच कधीचीच गेलेली. पलीकडचं सगळं ऐकू येई. अण्णांच्या गाडीचा आवाज झाला. ते नेहमी आधी लंगड्या बैलाकडे जात, त्याला स्वतःच्या हातानं गूळ चारत, मग ऑफिसात येत. त्या दिवशीही तसंच झालं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईंचा.

"या, या वहिनी. बसा की. दाखला तयार आहे तुमचा. सही-शिक्का करूनच आणलोय."

"उपकार झाले अण्णा." कागदाची सळसळ झाली. "आणखी एक अर्ज होता."

"मुलीच्या फीचं काही आहे का? सांगा, संकोच करू नका."

"माझा नाही. नव्या डॉक्टरांचा आहे."

माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात रक्तवाहिनी. मी नरसप्पाकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"त्यांनी काही सांगितलं नाही मला," बाई म्हणत होत्या. "त्यांना माहीतही नाही. मीच लिहून आणलाय. ह्यांचे अर्ज मीच लिहायची ना, ह्यांचं अक्षर कुणाला लागायचं नाही. दर वर्षी पाडवा झाला की एक अर्ज. मजकूर पाठ आहे मला. ते फक्त सही करायचे. ह्यांच्या वेळी तुम्हाला नाही जमलं, ते असू द्या, संस्थेकडेच नव्हतं तर तुम्ही तरी कुठून देणार होता? पण हे पोर लहान आहे, अण्णा. खानावळीत जेवतंय. चौदात भागत नाही. आज ना उद्या तेही संध्याकाळचं दुसरं काम धरेल. दमून गाडी चालवत येईल. फार नको, चौदाचे सोळा करा. माझं एवढं ऐका."

मला ओरडून काहीतरी सांगायचं होतं. काय सांगणार होतो, कोण जाणे. चिमटा सोडला असता तर कुत्री दोन मिनिटांत गेली असती. मी दोरा घातला. गाठ मारली. गाठ नीट बसली नाही म्हणून परत मारली.

"चौदा?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात नुसतं नवल होतं. "कुणाला चौदा? घोळवेंना सव्वीस देतो की आपण."

पलीकडे खुर्ची करकरली.

"वहिनी?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. न देऊन काय करता? तीनदा जाहिरात दिलो, कुणी फिरकलं नाही. रजिस्टर डॉक्टर नसेल तर नसबंदीचं काम महापालिका दुसऱ्याला देणार. ते काम गेलं की संस्थाच बंद. मागतील ते द्यायची वेळ आली."

"आणि पैसे कुठून आले?"

"आणलो कुठून तरी. चार लोकांपुढे हात पसरलो. करावंच लागतं."

"मग ह्यांच्यासाठी का नाही पसरले?"

माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता आणि हात अडकलेले होते. नरसप्पानं आपल्या बाहीनं तो पुसला. अण्णा बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. मी पुढे त्या माणसाचा पुष्कळ राग राग केला, पण त्या वेळी ते खोटं बोलले नाहीत, हे मला मान्य करावं लागतं.

"वहिनी, सुरवसे डॉक्टर कुठं जाणार नव्हते. त्यांचा जीव होता इथं. अर्ज द्यायचे, मी म्हणायचो पुढच्या वर्षी बघू, आणि दुसऱ्या दिवशी आठाला हजर. पुण्याच्या कंपनीतनं बोलावणं आलं होतं त्यांना, माहीत आहे ना? गेले नाहीत. मला ठाऊक होतं, जायचे नाहीत. जाणाऱ्याला थांबवायला पैसे लागतात. राहणाऱ्याला..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

पोटाचे शेवटचे टाके घालायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. कुत्रीला पिंजऱ्यात निजवून बाहेर आलो तेव्हा वाटलं होतं, बाई निघून गेल्या असतील. त्या गेल्या नव्हत्या. बाकावर बसल्या होत्या, तशाच टोकाला. पायाशी एक म्हातारं कुत्रं येऊन पसरलं होतं आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"ते कळलं मला. बसा."

मी खाली पायरीवर बसलो.

"मी उगीच विचारलं नव्हतं, डॉक्टर. वकिलांनी विचारायला सांगितलं होतं. म्हणाले, त्यांच्या जागी जो आलाय त्याला किती देतात ते बघा. जास्त देत असतील तर कोर्टात सांगता येईल, की हे असते तर ह्यांनाही तेवढे मिळाले असते. तसा हिशेब धरतात कधीकधी. मी परवा जाऊन सांगून आले त्यांना. म्हटलं, नाही हो, त्यालाही बिचाऱ्याला चौदाच देतात."

मी पायरीची कड नखानं खरवडत राहिलो.

"पण त्याचं एवढं नाही," त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्याशी फार भांडले. नऊ वर्षं. तुम्हाला मागता येत नाही, तुम्ही तोंड उघडत नाही, म्हणून आपल्यावर ही वेळ. पुण्याला गेले नाहीत तेव्हा चार दिवस बोलले नव्हते मी. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा हेच. मुलीची फी भरायची होती, मी म्हटलं, कुत्र्यांना विचारा पैसे. असं म्हणाले मी. ते काही न बोलता डबा घेऊन गेले."

म्हातारं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

"परवा तुम्ही चौदा म्हणालात ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. वाटलं, संस्थेकडे नव्हतेच पैसे. ह्यांचं काही चुकत नव्हतं, अण्णांचंही नाही. कुणीही असतं तरी एवढंच मिळालं असतं. मी घरी जाऊन ह्यांच्या फोटोपुढे बसले आणि माफी मागितली. दोन दिवस शांत झोप लागली मला. हे गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणून तर तुमचा अर्ज लिहायला बसले." त्यांनी फाईल छातीशी धरली. "आता कळलं, पैसे होते. मिळत होते. ह्यांनी फक्त एकदा येतो म्हणून निघून जायला हवं होतं. जीव लावला म्हणून कमी दिले त्यांना."

त्या रडल्या नाहीत. मीच पायरीवर मान खाली घालून बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, "कोर्टात येऊन सांगाल का? तुमचा खरा पगार?"

"येईन," मी म्हणालो. "वहिनी, शपथेवर येईन."

"शपथ तिथे घ्यायची असते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी खरंच जाणार होतो. वकिलांकडे जाऊन माझं नाव देऊन आलो. पगार बँकेत जमा होत असे, पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवली. तारीख दीड महिन्यानंतरची लागली, मंगळवार. वकील म्हणाले, "समन्स काढत बसत नाही. तुम्ही आपणहून येताय ना?" मी म्हटलं, "येतोय."

डबा पुन्हा आला नाही. ते बरोबरच होतं.

तारखेच्या तीन आठवडे आधी अण्णांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर सुपारी कातरत बसले होते.

"घोळवे, तुम्ही साक्षीला जाणार म्हणून ऐकलो. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. वहिनींना दोन पैसे जास्त मिळाले तर मला आनंदच आहे, आपल्या खिशातनं थोडेच जाणार आहेत? पण तिथं विमा कंपनीचा वकील तुम्हाला विचारेल, आधीच्याला चौदा आणि तुम्हाला सव्वीस, का? तुम्ही काय सांगणार? जे सांगाल ते दुसऱ्या दिवशी पेपरात. देणगी देणारा माणूस पेपर वाचतो. दीडशे जनावरं आहेत आत." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "बघा, तुमचं तुम्ही ठरवा."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि हो. एप्रिलपासून तुमचे तीस करू या."

मी काही मागितलं नव्हतं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. माझी धाकटी बहीण बीडला नर्सिंगला होती, तिची फी मी भरत होतो. मी "बरं" म्हणालो.

त्या महिन्यात अक्कलकोटच्या पुढच्या एका गावानं जनावरांना लस टोचायचं शिबिर मागितलं होतं. सरपंचाचा फोन आला, डॉक्टर, कधी येता? माझ्यासमोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मंगळवारच्या चौकटीत मीच पेन्सिलीनं गोल केलेला होता.

"मंगळवारी येतो," मी म्हणालो.

नरसप्पा शेजारी गोळ्यांच्या बाटल्या लावत होता. त्याला तारीख पाठ होती. तो म्हणाला, "बुधवारी गेलो तर चालत नाही का, साहेब?"

"त्यांना मंगळवारच पाहिजे," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

शिबिराला नरसप्पा आला नाही. अंगात कणकण आहे म्हणाला. मी एकट्यानं ऐंशी-पंच्याऐंशी जनावरांना लस टोचली. गावकऱ्यांनी नारळ दिला, टोपी घातली. दुपारी वकिलांचे चार फोन येऊन गेले होते. संध्याकाळी मी त्यांना लावला आणि म्हणालो, साथ आली होती, निघता आलं नाही. वकील अनुभवी माणूस. "ठीक आहे," एवढंच म्हणाले.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. नरसप्पानं सांगितलं. एव्हाना तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. "चौदा धरले," तो म्हणाला आणि झाडू घेऊन पुढच्या पिंजऱ्याकडे गेला.

त्यानंतर दोन रविवार मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या रविवारी गेलो. खिशात एक पाकीट होतं. त्यात एप्रिलपासून वाढलेले सगळे महिने होते, दर महिन्याचे चार हजार. ते देऊन काय म्हणायचं, हे मी वाटेत पाच-सहा प्रकारे म्हणून पाहिलं होतं.

दार उघडंच होतं. बाई आत जमिनीवर बसून कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत होत्या. शेजारी अशा ब्लाऊजांचा ढीग. सतरा-अठरा वर्षांची मुलगी खिडकीत बसून वाचत होती. बाईंनी मान वर केली, मला पाहिलं, सुई ब्लाऊजला टोचून ठेवली आणि मुलीला म्हणाल्या, "ऊठ गं, चहा टाक. बाबांच्या जागेवर आलेत ना, ते डॉक्टर."

मी बसलो. मुलगी आत गेली. मी पाकीट काढलं आणि मधल्या सतरंजीवर ठेवलं. वाटेत म्हणून पाहिलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"ह्यात काय आहे?"

"वाढ झाली माझी," मी म्हणालो. "एप्रिलपासून."

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही. बोटाच्या टोकानं त्यांनी पाकीट परत माझ्या बाजूला सरकवलं, एखादा कागद वाऱ्यानं आपल्याकडे आला तर सरकवावा तसं. "तुम्हाला लागेल. बहीण शिकतेय ना तुमची? नरसप्पा सांगत होते."

चहा आला. मुलीनं बशी माझ्यापुढे ठेवली आणि ती परत खिडकीत जाऊन बसली. पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी मी शिबिराला..."

"हो, कळलं वकिलांकडून. साथ होती ना."

मी मान हलवली. तिथेही मला खरं बोलता आलं नाही.

"मी दहालाच जाऊन बसले होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. झालेलं एखादं काम सांगावं तशा सांगत होत्या. "वकील म्हणत होते, ते काही येत नाहीत. मी म्हटलं, येतील, त्यांनी कबूल केलंय. व्हरांड्यात बाक आहे, तिथून फाटक दिसतं. साडेबाराला आपला नंबर आला. बाहेर शिपाई पुकारा करतो, माहीत आहे ना? तीनदा नाव घेतात साक्षीदाराचं. पहिल्यांदा पुकारलं, डॉक्टर उद्धव घोळवे. मी फाटकाकडे बघितलं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा काय झालं मला कोण जाणे, मीच उठून उभी राहिले."

त्या सुई शोधायला लागल्या. ती ब्लाऊजलाच टोचलेली होती.

"शिपायानं विचारलं, घोळवे कोण, तुम्ही का? मी म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, मग बसा की बाई खाली."

खिडकीतल्या मुलीनं पुस्तक मिटलं आणि ती आत निघून गेली.

"बसले मग," बाई म्हणाल्या. त्यांना सुई सापडली. त्यांनी दोरा ओवला आणि पुढचा ब्लाऊज मांडीवर घेतला. "चहा घ्या डॉक्टर. गार होतोय."